पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत मराठी मजकुराचा क्रम लावताना

आपण मराठी नावांची यादी ठेवणार असाल, तर डेटाबेस तयार करण्यापूर्वीच लोकेलचा, म्हणजे भाषेनुसार क्रम लावण्याच्या नियमांचा, निर्णय घ्यावा, कारण डेटाबेसची मूळ क्रमवारी एकदा ठरली की ती बदलण्यासाठी डेटा काढून नव्या डेटाबेसमध्ये भरावा लागतो. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धत, यूटीएफ-८ ठेवावे, यात वाद नाही. ‘सी’ नावाचे साधे लोकेल वेगवान असते खरे, परंतु ते शब्द केवळ युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेल्या क्रमांकानुसार लावते आणि तिथे ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये बसले आहे. त्यामुळे ‘काळा’ हा शब्द ‘कावळा’च्या आधी येतो, जो मराठी शब्दकोशात नंतर यायला हवा. म्हणून मी आयसीयू या युनिकोड लायब्ररीचे मराठी कोलेशन (क्रमवारीचे नियम) सुचवेन. संपूर्ण डेटाबेससाठी ते पोस्टग्रेसच्या आवृत्ती १५ पासून निवडता येते. त्याआधीच्या आवृत्तीत स्तंभागणिक द्यावे लागते.

लांबीबाबतही सावध राहावे. ‘क्षत्रिय’ वाचताना तीन अक्षरे दिसतात, पण पोस्टग्रेस हलन्त व वेलांटीही वेगळी धरून एकूण ८ चिन्हे मोजते आणि बाइट भरतात २४. तेव्हा आडनावाच्या स्तंभाला मर्यादा घालताना हात आखडू नये. ‘ऱ’ दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो, एकसंध किंवा ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब), म्हणून मजकूर आत घेतानाच नॉर्मलाइझ करावा, म्हणजे एकाच रूपात आणावा, नाहीतर शोध रिकामा परततो.

ऑपरेटिंग सिस्टिमचे कोलेशन वापरत असाल, तर ती अद्ययावत केल्यावर मजकुराचे इंडेक्स (शोधासाठीच्या क्रमवार सूची) पुन्हा बांधावेत. लिनक्सच्या ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २०१८ मधील २.२८ आवृत्तीने क्रमवारीच बदलली होती.