घरी राहून ग्रंथपाल होता येईल का?

प्रश्न: मॅडम, मी देवगडजवळच्या एका खेड्यात राहते. इतिहासात बी.ए. झालेय, आता गावच्या वाचनालयात संध्याकाळी पुस्तकांची देवघेव बघते. तिथे एका लाकडी पेटीत जुन्या मोडी लिपीतल्या कागदांचे रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत. ते पाहिल्यापासून याच कामात राहावंसं वाटतं. सासू-सासरे आणि कलमांची बाग सोडून मुंबईला राहणं जमणार नाही. घरून एम.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) होईल का? त्या पदवीला किंमत असते का?

उत्तर: होईल. फक्त एम.लिब.च्या आधी बी.लिब. हवं. इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) दोन्ही एकेक वर्षाचे आहेत, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातही ही सोय आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेल्या मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरतात. महाविद्यालयात ग्रंथपाल व्हायचं असेल तर मात्र एम.लिब.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. हे पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेव. दोन टक्क्यांनी हुकलेल्या मुली मी रडताना पाहिल्यात.

मीही असंच शिकले, दोन लेकरं सांभाळून. स्वाध्याय पहाटे लिहायचे. पाठांतराचे विषय निघतात गं, अडतं ते वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिकात. विषयाला आकडा देणाऱ्या ड्यूई पद्धतीचे जाडजूड खंड घरी कुठले असायला? दर रविवारी एसटीने तालुक्याच्या कॉलेजात जाऊन बसायचे. तुझ्या हाताशी तर अख्खं वाचनालय आहे! रोज पाच पुस्तकं काढ, पेन्सिलीने आकडा लिही, मग खंड मिळाले की पडताळून बघ. मराठी कविता 891.461, कादंबरी 891.463, महाराष्ट्राचा इतिहास 954.792. मासेमारीवरचं पुस्तक 639.2 मध्ये जाईल. पण ते जाळ्या-होड्यांबद्दल आहे की दर्यावर्दी माणसांच्या जगण्याबद्दल, हे अनुक्रमणिका आणि प्रस्तावना वाचल्याशिवाय ठरत नाही. ही नजर हातानेच येते.

आता त्या पेटीबद्दल, कारण तुझा जीव तिथे अडकलाय. दप्तराचं, म्हणजे जुन्या कागदपत्रांचं, काम वेगळं. पुस्तक आपण विषयानुसार लावतो. कागद कुणाकडून आला आणि कुठल्या क्रमाने बांधला होता, त्याला दप्तरात महत्त्व. म्हणून रुमाल सोडून जमिनीचे वेगळे, देवस्थानाचे वेगळे असं करू नकोस. एकदा क्रम मोडला की तो परत लागत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात याचे अभ्यासक्रम असतात, पण तिथे राहावं लागतं. तू आधी मोडी शीक. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे वर्ग घेतं, त्यांच्याकडे चौकशी कर.

आणि आपल्याकडे कागद अंगणात उन्हाला घालतात, ते अजिबात नको. शाई उडू शकते, कागद कडक होऊन तुटतो. फाटक्या कडेला सेलोटेपही लावू नकोस. सावलीत, वारा खेळेल असे ठेव. पेटी जमिनीला टेकलेली असेल तर मिरगाआधी चार चिऱ्यांवर उचलून घे आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढ. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते.