आत्येबहिणीच्या कांजिण्या

प्रश्न : डॉक्टरबाई, माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सात महिन्यांपूर्वी पुण्यात माझी किडनी बसवली. चैत्र यात्रेला जोतिबावर आलेली नणंद मुलांना घेऊन दोन दिवस आमच्याकडं राहिली. दोन्ही रात्री तिची मुलगी आणि माझा मुलगा एकाच गादीवर झोपले. घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्या मुलीच्या अंगावर कांजिण्या उठल्या. माझ्या मुलाला अजून ताप नाही, खेळतोय. सासूबाई म्हणतात, देवी आल्या तर औषधं बंद ठेवायची. शेजारीण गुळवेलीचा काढा दे म्हणते. शिवाय मागच्या रक्ताच्या रिपोर्टात ‘बीके व्हायरस’ आलाय. ताप नसताना हा कसला संसर्ग? माझ्या किडनीतूनच गेला असेल का?
– एक आई, पन्हाळा तालुका

उत्तर : ताई, तुमचं पत्र पोस्टानं आलं तेव्हा त्या गादीला सहा दिवस होऊन गेले होते. कांजिण्या अंक छापून होईपर्यंत थांबत नाहीत, म्हणून तुम्हाला त्याच दुपारी फोन केला. तेव्हा बोललो तेच इथं सविस्तर लिहिते, कारण असं घर तुमचं एकट्याचं नाही.

पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल कांजिण्या पसरवतं. त्यामुळं ‘तेव्हा तिच्या अंगावर काही नव्हतं’ या म्हणण्याला अर्थ नाही. आणि कांजिण्या उठायला 10 ते 21 दिवस लागतात, म्हणून सहाव्या दिवशी तुमचा मुलगा खेळत असला तरी त्यावरून काहीच ठरत नाही. एरवी धट्ट्याकट्ट्या पोराला आठवडाभर खाज आणून जाणारा हा आजार, किडनी बसवलेल्या मुलाच्या फुप्फुसात, यकृतात, मेंदूत उतरू शकतो. त्याला आधी कांजिण्यांची लस मिळाली होती का, रक्तात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आहेत का, हे पहिलं बघायचं. नसतील तर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यायचं, जितकं लवकर तितकं चांगलं, पण दहा दिवसांच्या आत. ते नेहमी लगेच मिळतंच असं नाही. मग ॲसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचा मार्ग असतो, पण ते तुमच्या किडनीच्या डॉक्टरांनी ठरवायचं. इंजेक्शन दिलं तर वाट बघायचा काळ 28 दिवसांपर्यंत लांबतो. त्यात एक जरी फोड दिसला तरी सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

पूर्वी मीही एका आईला फोनवर सांगितलं होतं, ‘ताप आला तर बघू’. ताप आला तेव्हा त्या मुलाच्या छातीत न्यूमोनिया होता. मूल वाचलं, पण ते वाक्य मी पुन्हा कुणाला म्हणाले नाही.

सासूबाईंना दुखवू नका. लिंबाचा पाला उशाला ठेवू देत. पण टॅक्रोलिमसचा एकही डोस चुकवायचा नाही. शरीर दुसऱ्याची किडनी नाकारतं, ते या गोळ्यांनी थांबवलेलं असतं. गुळवेल तर नकोच. जी प्रतिकारशक्ती आपण औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलीय, तिलाच काढ्यानं उठवायची? तापाला पॅरासिटामॉल चालेल, आयब्युप्रोफेन नको, ते किडनीला जड जातं.

आता बीके. हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो आणि मूत्रमार्गात, किडनीत गुपचूप पडून राहतो. प्रतिकारशक्ती दाबली की जागा होतो. ताप नाही, दुखणं नाही. कळतं ते रक्तातल्या व्हायरसच्या आकड्यावरून आणि पुढं वाढलेल्या क्रिएटिनिनवरून, म्हणजे किडनीचं काम दाखवणाऱ्या आकड्यावरून. याच्यावर नेमकं मारणारं भरवशाचं औषध आजही नाही. म्हणून डॉक्टर दाबणाऱ्या गोळ्या थोड्या कमी करतात आणि पुन्हा तपासतात. जास्त कमी केल्या तर शरीर किडनी नाकारू लागतं, म्हणून घरी स्वतःच्या मनानं गोळी तोडायची नाही. टॅक्रो लेव्हलचं, म्हणजे रक्तात टॅक्रोलिमस किती आहे ते बघायचं, रक्त सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं, नंतर नव्हे. ही चूक फार घरांत होते आणि आकडा फसवा येतो.

तुमच्याकडून गेला का? असू शकतं. सायटोमेगॅलो आणि एप्स्टाइन-बार हे दोन विषाणूही दात्याच्या अवयवातून जातात. मोठ्यांना ते बहुधा होऊन गेलेले असतात, मुलांना नसतात, म्हणून मुलांत पहिलाच संसर्ग जोरात होतो. म्हणूनच सायटोमेगॅलो रोखायला पहिले काही महिने व्हॅलगॅन्सायक्लोव्हिर हे औषध देतात. एप्स्टाइन-बारमुळं क्वचित लसिका गाठींचा आजार होतो. मानेत गाठ, न उतरणारा ताप किंवा झोपेत अचानक घोरणं सुरू झालं तर दाखवा. पण ताई, किडनी दिली म्हणून अपराधी वाटायचं? त्याचं डायलिसिस तुमच्यामुळं सुटलंय.

फोनवर त्याच्या चार वर्षांच्या बहिणीबद्दल तुम्ही विचारलं होतं. तिला कांजिण्यांची लस द्या, सरकारी वेळापत्रकात ती नाही, विकत घ्यावी लागेल. लसीनंतर तिला पुरळ आलं तर तेवढे दिवस दोघांना वेगळं झोपवा. पल्स पोलिओचे थेंब मात्र तिला नकोत, पोलिओचं इंजेक्शन मागा. मुलाला स्वतःला गोवर-कांजिण्यांच्या जिवंत लसी आता देत नाहीत. फ्लूचं इंजेक्शन दरवर्षी घरातल्या सगळ्यांनी घ्यावं, सासूबाईंनीसुद्धा.

जूनमध्ये शाळा उघडली की वर्गशिक्षिकेला हातानं लिहिलेली एक चिठ्ठी द्या : वर्गात कुणालाही कांजिण्या किंवा गोवर उठला तर त्याच दिवशी मला फोन करा. खाली तुमचा नंबर, आणि शेजारच्या कुणाचातरी, कारण तुमच्या वाडीत रेंज जाते हे मी त्या दुपारी तीनदा फोन तुटल्यावर शिकले.