तिकीट कोण देतं? अमेरिकेतल्या पक्ष-अधिवेशनाबद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतले डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन पक्ष राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कसा निवडतात, यावर ठाणे आणि नवी मुंबईतल्या वाचकांचे बरेच प्रश्न आले. त्यांतले काही उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आपल्याकडे शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत एबी फॉर्म हातात पडला तर उमेदवार, नाहीतर बंडखोर. अमेरिकेत तिकीट कोण देतं? चार दिवसांचं ते अधिवेशन नुसता सोहळा असतो की तिथे खरंच काही ठरतं? (नौपाडा, ठाणे)

तुमचीच तुलना पुढे नेऊ, कारण ती चपखल आहे. पक्षाच्या वतीने सही कोण करणार हे ‘ए’ फॉर्म सांगतो आणि उमेदवार कोण हे ‘बी’ फॉर्म. अमेरिकेत हा सहीचा अधिकार राष्ट्रीय अधिवेशनाकडे असतो. तिथे जमलेल्या राज्यांच्या प्रतिनिधींच्या (डेलिगेट) बहुमताने नाव मंजूर झालं की पक्ष ते प्रमाणित करून राज्याराज्यांच्या निवडणूक अधिकाऱ्यांकडे पाठवतो. त्यासाठी एकच राष्ट्रीय मुदत नसते. ५० राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांची प्रत्येकाची तारीख वेगळी, त्यामुळे एका राज्यात वेळेत असलेला कागद दुसऱ्या राज्यात उशिराचा ठरू शकतो.

म्हणजे कायद्याच्या दृष्टीने उमेदवारी अधिवेशनातच मिळते. पण तिथे बसलेले प्रतिनिधी कुणाला मत देणार, हे जानेवारी ते जून या काळात राज्याराज्यांतल्या प्रायमरी (पक्षाचा उमेदवार निवडण्यासाठी होणारं मतदान) आणि कॉकस (त्यासाठीच भरणाऱ्या पक्षाच्या स्थानिक सभा) यांत ठरून गेलेलं असतं. घटनेत पक्ष किंवा अधिवेशन यांचा उल्लेखच नाही. जन्माने नागरिक, किमान ३५ वर्षं वय आणि १४ वर्षांचं वास्तव्य एवढ्याच अटी आहेत. बाकी सगळा डोलारा पक्षांचे नियम आणि राज्यांचे कायदे यांवर उभा आहे.

हे नेहमी असं नव्हतं. १९६८ साली शिकागोच्या अधिवेशनात ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, कारण बहुतेक प्रतिनिधी राज्यांतल्या पक्षनेत्यांच्या मुठीत होते. त्यावरून एवढा असंतोष उसळला की पक्षाने आयोग नेमला, प्रतिनिधी निवडण्याचे नियम बदलले, आणि १९७२पासून मतदारांचा कौल निर्णायक झाला.

तरी अधिवेशनाला सोहळा म्हणून सोडून देऊ नका. अधिकारपत्रं तपासणारी समिती, नियम समिती आणि जाहीरनामा समिती यांचे अहवाल आधी मंजूर व्हावे लागतात. लढत चुरशीची असेल तेव्हा खरी मारामारी पहिल्या दोन समित्यांत होते. १९७२मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी कॅलिफोर्नियाच्या प्रतिनिधींच्या सगळ्या २७१ जागा जिंकल्या होत्या. अधिकारपत्र समितीने त्यांतल्या १५१ काढून घेतल्या. मायामी बीचच्या सभागृहात मतदान होऊन त्या परत मिळाल्या, तेव्हा कुठे त्यांची उमेदवारी पक्की झाली. उमेदवाराच्या नावावर मत पडायच्या आधीच निकाल लागला होता.

प्रश्न : प्रायमरीत मिळालेल्या मतांचे ‘डेलिगेट’ कसे होतात? प्रत्येक बातमीत वेगळंच गणित दिसतं. (ऐरोली)

गणित वेगळं दिसतं, कारण दोन्ही पक्षांचे नियमच वेगळे आहेत.

डेमोक्रॅटिक पक्षात मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, पण १५ टक्क्यांची अट असते आणि बहुतेक जागा एकेका मतदारसंघापुरत्या मोजल्या जातात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मतदारसंघात चार उमेदवारांना ४८, ३२, १४ आणि ६ टक्के मतं पडली. १४ टक्केवाल्याला भोपळा. उरलेल्या दोघांची बेरीज ८०, म्हणजे त्यांच्यातलं प्रमाण ६० आणि ४० टक्के. मतदारसंघाला ५ जागा असतील तर वाटणी ३ आणि २. जागा ४ असतील तर हिशेब येतो २.४ आणि १.६. आधी पूर्णांक द्यायचे आणि उरलेली जागा मोठ्या अपूर्णांकाला, म्हणून दोघांनाही दोन-दोन! सोळा टक्क्यांची आघाडी घेऊनही हाती काही जास्त लागत नाही. दोघांच्या लढतीत चार जागांपैकी तिसरी मिळवायला ६२.५ टक्क्यांच्या पुढे जावं लागतं. पाच जागांच्या मतदारसंघात मात्र ५० टक्क्यांच्या जरा पुढे गेलं तरी तिसरी जागा मिळते. म्हणून जाणते प्रचारप्रमुख विषम जागांच्या मतदारसंघांत पैसा आणि माणसं ओततात. राज्य जिंकल्याच्या मथळ्यापेक्षा हा बारकावा जास्त मोलाचा आहे.

रिपब्लिकन पक्षात मूळ वाटप असं : प्रत्येक राज्याला १०, अमेरिकी काँग्रेसच्या प्रत्येक मतदारसंघामागे ३, पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे ३ सदस्य, आणि पक्षाची कामगिरी चांगली असेल तर वर बोनस. कॅलिफोर्नियाचे मतदारसंघ ५२. म्हणून १० अधिक १५६ अधिक ३, एकूण १६९. २०२४मध्ये तिथे ५० टक्क्यांवर मतं मिळवणाऱ्याला सगळ्या जागा असा नियम होता आणि डोनाल्ड ट्रम्प यांनी सगळ्या १६९ नेल्या. १५ मार्च किंवा त्यानंतर मतदान घेणाऱ्या राज्यांना तर पहिल्या आलेल्याला सगळं देऊन टाकायची मुभा असते. त्यामुळे रिपब्लिकन लढत लवकर आटोपते आणि डेमोक्रॅटिक लढत रेंगाळते.

राज्याने पक्षाचं वेळापत्रक मोडलं तर शिक्षा जागांतूनच होते. २००८मध्ये फ्लॉरिडा आणि मिशिगनने प्रायमरी ठरल्याआधी उरकली, म्हणून डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांचे सगळे प्रतिनिधी रद्द केले. मे अखेरीस त्यांना अर्धं-अर्धं मत दिलं आणि बराक ओबामांचा विजय पक्का झाल्यावर अधिवेशनात पूर्ण मत परत केलं.

प्रश्न : रोल कॉल म्हणजे नेमकं काय? ऐन वेळी प्रतिनिधीने दुसऱ्यालाच मत दिलं तर? स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी विचारते आहे. (वाशी)

सचिव एकेका राज्याचं नाव पुकारतात, साधारणपणे इंग्रजी वर्णानुक्रमाने, अलाबामापासून. त्या राज्याचा प्रमुख माईकवर येतो, आपल्या राज्याचं चार शब्दांत कौतुक करतो आणि कुणाला किती मतं ते सांगतो. सचिव आकडा पुन्हा उच्चारून नोंदवतात. राज्याला ‘पास’ म्हणून आपली पाळी पुढे ढकलता येते. बहुमताचा आकडा उमेदवाराच्या स्वतःच्या राज्याकडून गाठला जावा म्हणून हे मुद्दाम जुळवतात. २०१६मध्ये फिलाडेल्फियात व्हर्माँटने पाळी शेवटपर्यंत राखली आणि तिथून तिथलेच सिनेटर, प्रायमरीत हरलेले बर्नी सँडर्स यांनी हिलरी क्लिंटन यांचं नाव आवाजी मतदानाने मंजूर करण्याची सूचना मांडली.

रिपब्लिकन पक्षाचे २०२४च्या मिलवॉकी अधिवेशनात २,४२९ प्रतिनिधी होते, म्हणून बहुमत १,२१५. परीक्षेसाठी हे लक्षात ठेवा : बहुमत एकूण प्रतिनिधींचं लागतं, नुसत्या पडलेल्या मतांचं नाही.

आता फुटण्याबद्दल. डेमोक्रॅटिक नियम सांगतो की ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या भावना प्रतिनिधीने सदसद्विवेकाने व्यक्त कराव्यात. शब्द सैल वाटतात, पण प्रतिनिधी होऊ इच्छिणाऱ्यांची यादी उमेदवाराची माणसं आधीच चाळून घेतात, म्हणून फुटणारा आत शिरतच नाही. रिपब्लिकन पक्षात अनेक राज्यांत जागा प्रायमरीतून ठरतात, पण त्या जागांवर बसणारी माणसं राज्याच्या पक्षमेळाव्यात निवडली जातात. म्हणजे एकाला बांधलेल्या प्रतिनिधीचं मन दुसऱ्याकडे असू शकतं. २०१६मध्ये क्लीव्हलँडला हेच झालं. ट्रम्प यांच्या पक्षातल्या विरोधकांनी नियमांवर राज्यनिहाय मतदान मागितलं. सात राज्यांचा पाठिंबा हवा होता. नऊ राज्यांच्या सह्या आल्या, तीन राज्यांनी माघार घेतली आणि मागणी बारगळली. पुढे रोल कॉलमध्ये अलास्काने १२ मतं प्रायमरीतले प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांना, ११ ट्रम्प यांना आणि ५ दुसरे प्रतिस्पर्धी मार्को रुबिओ यांना जाहीर केली. सचिवांनी त्या राज्यातल्या पक्षनियमावर बोट ठेवून सगळी २८ ट्रम्प यांच्या नावे लिहिली. तेव्हा माईकवर काय म्हटलं याला महत्त्व नाही, नोंदवहीत काय लिहिलं ते मोजलं जातं.

प्रश्न : २०२४च्या प्रायमरी जो बायडेन यांनी जिंकल्या आणि उमेदवार झाल्या कमला हॅरिस. हे नियमात बसतं का? (घणसोली)

बसतं. मतदारांनी बायडेन यांना बांधलेले प्रतिनिधी निवडले होते. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली आणि ते प्रतिनिधी मोकळे झाले. बायडेन यांनी हॅरिस यांना पाठिंबा दिला, पण आपले प्रतिनिधी दुसऱ्याच्या नावे करून देण्याचा अधिकार कुणालाच नसतो. प्रत्येकाला नव्याने मत द्यावं लागलं. उमेदवार म्हणून नाव येण्यासाठी किमान ३०० प्रतिनिधींच्या सह्या हव्या होत्या, त्यातही एका राज्यातल्या ५०हून जास्त नाहीत. हा टप्पा फक्त हॅरिस यांनी गाठला.

अधिवेशन १९ ऑगस्टला शिकागोत सुरू होणार होतं, तरी मतदान १ ते ५ ऑगस्टला ऑनलाइन उरकलं. त्याचं मूळ ओहायो राज्यात आहे. तिथल्या कायद्याने मतदानाच्या ९० दिवस आधी, म्हणजे ७ ऑगस्टपर्यंत, नाव कळवायचं होतं. राज्याने मुदत वाढवणारा कायदा जूनमध्ये केला, पण तो लागू होणार होता १ सप्टेंबरला. मधल्या काळात कुणी कोर्टात गेलं तर? पक्षाने तो धोका पत्करला नाही. टीव्हीवर २० ऑगस्टला गाण्यांच्या साथीने दिसलेला रोल कॉल म्हणूनच केवळ समारंभ होता.

मतदारांना दुसरी संधी मिळाली नाही, ही टीका रास्त आहे. पण ती नियमांवरची टीका आहे, नियम मोडल्याचा पुरावा नाही.

प्रश्न : पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत नाही मिळालं तर? (कोपरी, ठाणे)

मिळेपर्यंत फेऱ्या. १९२४मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाने १०३ फेऱ्या घेतल्या. तेव्हा दोन-तृतीयांश मतांची अट होती, त्यामुळे अल स्मिथ आणि विल्यम मॅकअडू यांनी एकमेकांना अडवून धरलं आणि शेवटी तिसरेच, जॉन डेव्हिस, निवडले गेले. ती अट १९३६ साली काढून टाकली. एकाहून जास्त फेऱ्या शेवटच्या झाल्या त्या १९५२मध्ये. ॲडलाय स्टीव्हन्सन तिसऱ्या फेरीत आले. त्यानंतर काठावरची लढत रिपब्लिकन पक्षाची, १९७६ची : कॅन्सस सिटीत जेराल्ड फोर्ड १,१८७, रोनाल्ड रेगन १,०७०, लागणारी मतं १,१३०.

आज दुसरी फेरी झालीच तर डेमोक्रॅटिक पक्षात बांधलेले प्रतिनिधी मोकळे होतात आणि ‘सुपरडेलिगेट’ मतदानात उतरतात. हे म्हणजे पक्षाचे खासदार, गव्हर्नर, राष्ट्रीय समितीचे सदस्य. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार हे मिशिगनचे खासदार म्हणून त्यांतच मोडतात. २०१८च्या बदलानंतर लढत अटीतटीची असेल तर त्यांना पहिल्या फेरीत मत नसतं. रिपब्लिकन प्रतिनिधी कितव्या फेरीनंतर सुटतो हे राज्याराज्यावर अवलंबून आहे.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर आहे, सुनेला नागरिकत्व मिळालंय. ते दोघं यात भाग घेऊ शकतात का? आणि सून इथे राहायला आली तर? (नेरूळ)

मुलाला मत नाही, प्रायमरीतही नाही. ग्रीन कार्डवर असताना चुकून मतदारनोंदणी केली तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ती गंभीर अडचण ठरते, एवढं त्याला आवर्जून सांगा. सुनेला मत आहे, आणि प्रतिनिधी व्हायला अर्जही करता येईल. मात्र विमान-हॉटेलचा खर्च बहुतेकांना पदरचाच करावा लागतो. ती नेरूळला राहायला आली तरी न्यू जर्सीतल्या शेवटच्या पत्त्यावरून टपाली मतपत्रिका मागवू शकते. डेमोक्रॅटिक पक्ष परदेशस्थ नागरिकांसाठी वेगळी प्रायमरी घेतो आणि त्यांचे प्रतिनिधीही अधिवेशनात बसतात. दोन्हींपैकी एकाच ठिकाणी मत द्यायचं.

प्रश्न : उपराष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण ठरवतं? आणि अधिवेशनानंतर उमेदवाराने माघार घेतली तर? (कळवा)

नाव उमेदवार सुचवतो, अधिवेशन मंजूर करतं, बहुधा आवाजी मतदानाने. १९५६मध्ये स्टीव्हन्सन यांनी निवड प्रतिनिधींवर सोपवली तेव्हा एस्टेस केफॉव्हर यांनी जॉन केनेडींना हरवलं. तसा प्रयोग त्यानंतर कुणी केलेला नाही.

अधिवेशनानंतर जागा रिकामी झाली तर राष्ट्रीय समिती ती भरते. १९७२मध्ये मॅकगव्हर्न यांचे जोडीदार टॉमस ईगलटन यांनी नैराश्यावर घेतलेल्या उपचारांची माहिती बाहेर आल्यावर ३१ जुलैला माघार घेतली आणि ८ ऑगस्टला डेमोक्रॅटिक समितीने सार्जंट श्रायव्हर यांना निवडलं. रिपब्लिकन समितीचे सदस्य १६८ : ५० राज्यं, राजधानी आणि पाच प्रदेश, प्रत्येकी तीन. हवं तर ती अधिवेशन पुन्हाही बोलावू शकते.

नवं नाव निवडणं त्या मानाने सोपं, मतपत्रिकेवर आणणं कठीण. परदेशातल्या आणि सैन्यातल्या मतदारांना मतपत्रिका मतदानाच्या ४५ दिवस आधी रवाना कराव्या लागतात. त्यानंतर नाव बदललं तर छापलेल्या जुन्या नावावरच लोक मत देत राहतात, आणि डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष औपचारिकरीत्या निवडणारे राज्यांचे ५३८ इलेक्टर मतदान करतात तेव्हा त्या पक्षाच्या इलेक्टरांनी कुणाला मत द्यायचं हे त्यांच्या-त्यांच्या राज्याच्या कायद्यावर येऊन ठेपतं.