बालमृत्यूंचा आढावा घेणाऱ्या टीममध्ये जायचंय, पण मी डॉक्टर नाही

तू लिहिलंयस की बीएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहेस, लहान मुलं नेमकी कशाने गेली हे तपासणाऱ्या टीमबद्दल लेक्चरमध्ये ऐकलं तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, आणि घरचे म्हणतात ते डॉक्टर-पोलिसांचं काम, तू तिथे काय करणार.

अगं, तुझी तिथे गरज आहे. १९७८ साली लॉस एंजेलिस काउंटीत अशी पहिली टीम बसली ती यासाठीच, की पोलिसांकडे एक माहिती, हॉस्पिटलकडे दुसरी, बालसंरक्षणवाल्यांकडे तिसरी, आणि एकत्र बसून कोणी बघतच नव्हतं. इंग्लंडमध्ये २००८ पासून १८ वर्षांखालच्या प्रत्येक मृत्यूचा आढावा सक्तीचा आहे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी, त्यात पहिली खबर आशाताई देते, मग एएनएम, म्हणजे आरोग्य उपकेंद्राची नर्स, घरी जाते, पुढे व्हर्बल ऑटॉप्सी म्हणजे घरच्यांना विचारून आजारपणाचा सगळा क्रम लिहून घेणं, आणि शेवटी जिल्ह्याची बैठक.

आता काम कसं असतं ते सांगते. समजा कागदावर एवढंच आहे, 'वय तीन महिने, झोपेत मृत्यू'. यावरून काय कळणार? अमेरिकेत तपासणारी माणसं अशा वेळी एक बाहुली घेऊन घरी जातात आणि ज्यांनी बाळाला झोपवलं त्यांनाच दाखवायला सांगतात, ठेवलं कसं होतं, सापडलं कसं, पालथं की उताणं, गादी मऊ होती का, शेजारी कोण झोपलं होतं. त्या आईच्या हातात बाहुली देऊन हे विचारायचं म्हणजे काय ते तूच विचार कर, आणि हे ज्याला नीट जमतं तो माणूस टीमला हवा असतो, मग डिग्री कुठलीही असो. दोष कोणाचा हा प्रश्न तिथे नसतो, पुढचं मूल कसं वाचेल हा असतो. बुडून गेलेल्या मुलाच्या फाइलमध्ये पाण्याभोवतीच्या कुंपणाच्या फाटकाची कडी आपोआप लागत होती का, हे विचारणारं कोणीतरी लागतं.

एक स्पष्ट सांगते, या कामाच्या नावाने नोकरीची जाहिरात सहसा निघत नाही. लोक आपापल्या नोकरीतून या टेबलावर येतात. म्हणून आधी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) कर, मेडिकल अँड सायकिअॅट्रिक हा विषय घेऊन, किंवा एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स), आणि मग दोन-तीन वर्षं बालरोग विभागात किंवा बालसंरक्षणात थेट कुटुंबांबरोबर घालव.

झेपेल का असं विचारलंयस. जड जातं गं, आणि गोपनीयतेमुळे घरी येऊन बोलताही येत नाही, त्यामुळे जिथे सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी वरिष्ठांशी केसबद्दल आणि स्वतःबद्दल बोलायची वेळ, नियमित मिळतं तीच जागा निवड, पगार थोडा कमी असला तरी. आणि आत्ताच्या फील्डवर्कसाठी बालरोग वॉर्ड मागून घे, पुढच्या सेमिस्टरची यादी लागायच्या आत.