मुदत ठेव मोडून क्रेफिशच्या बारा टाक्या?

प्रश्न थोडक्यात: वर्षभरापासून घरी रेडक्लॉ क्रेफिशची (झिंग्यासारखा, नांग्या असलेला गोड्या पाण्यातला प्राणी) एक जोडी आहे. मादीने दोनदा अंडी धरली, आता तिसऱ्यांदा धरली आहेत. एका वेळी साधारण चारशे अंडी, वर्षातून तीनदा, दहा माद्या, म्हणजे बारा हजार पिल्लं. यासाठी बारा टाक्या घ्यायच्या आहेत. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी मुदत ठेव आहे, ती मोडू का? सोबत अमेरिकन निळ्या क्रेफिशची एक जोडी ठेवली तर जोखीम विभागली जाईल ना? की नराशिवाय वाढणारा मार्बल्ड क्रेफिशच घ्यावा?

उत्तर: ठेव मोडू नका. पण शौक बंद करा असंही मी सांगणार नाही, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा आकडा तुम्ही जाता जाता लिहून टाकला आहे: पहिल्या खेपेतली एकोणीस पिल्लं जगली. चारशेतली एकोणीस. तुमचा सगळा हिशोब चारशेवर उभा आहे. तो एकोणीसवरून सुरू करू या.

क्रेफिश कात टाकूनच वाढतो आणि पिल्लं तर सारखी कात टाकत असतात. कात टाकल्यावर अंग लोण्यासारखं मऊ असतं, नांग्या निकामी असतात, आणि शेजारच्याला हे लगेच कळतं, मग तो त्याला खाऊन टाकतो. मीही एकेकाळी एक पाळला होता. एका सकाळी टाकीत दोन क्रेफिश दिसले तेव्हा दचकलोच. एक नुसतं पोकळ कवच होतं, मिशांसकट अखंड, आणि मालक पाइपच्या तुकड्यात मागे सरकून बसला होता. तो एकटा होता म्हणून निभावला. एकाच टाकीतल्या चारशे पिल्लांत दर रात्री कोणी ना कोणी त्या अवस्थेत असतं.

म्हणजे उत्पन्न किती अंडी पडतात यावर ठरत नाही, लपायच्या जागा किती यावर ठरतं. बारा टाक्यांपैकी दोन जोड्यांसाठी, दोन अंडीवाल्या माद्यांसाठी सोडा. उरल्या आठ. भरपूर पाइपचे तुकडे, जाळ्या, वनस्पती घालून प्रत्येकीत चाळीस पिल्लं विकण्याजोगी होतील असं धरू, म्हणजे तुमच्या अनुभवाच्या दुप्पट. मी हात सैल सोडतो आहे. एका खेपेला तीन महिने धरले तर वर्षाला 1,280 पिल्लं. बारा हजारांच्या जेमतेम दहावा हिस्सा. आणि एवढ्यासाठी दोन-तीन माद्या पुरतात. बाकीच्या सात-आठ म्हणजे नुसतं अडकलेलं भांडवल, वर त्यांना खायला घालायचं.

आता विक्री. 1,280 म्हणजे आठवड्याला पंचवीस. घरी पाळणारा माणूस एक किंवा फार तर दोन क्रेफिश घेतो, कारण हा प्राणी सोबतचे मासे धरतो आणि झाडं मुळासकट उपटतो. म्हणजे दर आठवड्याला तेरा ते पंचवीस नवी गिऱ्हाइकं. ती कुठून येणार, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

मार्बल्ड क्रेफिशचं गणित तर याहून अवघड. हा 1990च्या दशकात जर्मनीतल्या शौकिनांच्या टाक्यांत आढळला. सगळ्या माद्या, नराची गरज नाही, प्रत्येक पिल्लू आईची हुबेहूब प्रत. ऐकायला सोन्याची कोंबडी वाटते. पण ज्याला तुम्ही एक विकाल त्याच्याकडे काही महिन्यांत शेकडो असतील आणि तो ते फुकट वाटत सुटेल. स्वतःचं गिऱ्हाईकच प्रतिस्पर्धी होतं अशा धंद्यात दर टिकत नाही. शिवाय युरोपीय संघाने 2016मध्ये आक्रमक परकी प्रजातींची जी पहिली यादी काढली, तीत मार्बल्डसह पाच क्रेफिश होते. त्यांची पैदास आणि विक्री तिथे बंद झाली. असा माल रात्रीत शून्य होतो. तुम्ही राहता तिथला नियम रेडक्लॉबद्दल काय म्हणतो, हे टाकी घेण्याआधी लेखी तपासा. आणि जास्त झालेली पिल्लं नदी-तळ्यात सोडणे हा पर्याय हिशोबात धरूच नका, कुठल्याही प्रजातीसाठी.

जोखीम विभागण्याचा तुमचा विचार एरवी मला आवडला असता. इथे तो उलटा आहे. अमेरिकन क्रेफिश एका बुरशीसदृश रोगाचे, क्रेफिश प्लेगचे, वाहक असू शकतात. ते स्वतः बहुधा ठणठणीत राहतात, ऑस्ट्रेलियन प्रजाती मात्र मरतात, आणि रेडक्लॉ ऑस्ट्रेलियाचाच. एक ओली जाळी या टाकीतून त्या टाकीत गेली की पुरे. ही विभागणी म्हणजे आपल्याच गंजीशेजारी शेकोटी पेटवणं.

वेळेचंही बघा. नवी टाकी पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू बसून तयार व्हायला महिना-दीड महिना, अंडी पोटाशी चार ते सहा आठवडे, पिल्लं आईला चिकटून आणखी आठवडा-दोन आठवडे, मग वाढीचे तीन महिने. पहिला पैसा सहा-सात महिन्यांनी दिसेल; तोवर वीज, खाद्य, पाणी बदलणं चालूच. मध्येच नोकरी गेली किंवा घर बदलावं लागलं, तर ठेव एका दिवसात हातात येते. बारा टाक्या आणि अर्धवट वाढलेली पिल्लं येत नाहीत. वापरलेल्या टाकीला काय मिळतं, हे एकदा विकायचा प्रयत्न करून पाहा.

माझ्या मते सध्या आणखी दोनच टाक्या घ्या, त्याही दरमहा उरणाऱ्या पैशातून, कर्ज न काढता. वीज गेल्यावर चालणारा एअर पंप आणि घट्ट झाकणं हा खर्च चैनीचा समजू नका; क्रेफिश हवेच्या नळीला धरून वर चढतो आणि निसटतो. तांबं असलेली औषधं टाकीच्या आसपासही नकोत. एक वही घाला, तीत स्वतःचे तासही लिहा. एकामागोमाग दोन खेपा खर्च वजा जाता पैसे देऊन गेल्या, तर चौथ्या टाकीचं बोलू. नाही गेल्या, तर तो करमणुकीचा खर्च. त्यात वाईट काही नाही, फक्त खात्यात त्याच नावाने लिहा.

आता अंडी धरलेल्या मादीला हलवू नका, नराला बाजूला काढा. पिल्लं आईपासून सुटली की जमतील तशी मोजा, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे मला कळवा. ठेवीच्या नूतनीकरणाचा अर्ज मात्र त्याआधीच भरून टाका.