मुंबईत मतदानाच्या दिवशी एवढा गोंधळ का होतो? ड्युटी केलेल्या माणसाचं लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा की मुंबईत पैसा आहे, माणसं आहेत, कॉम्प्युटर आहेत, तरी मतदानाला दोन-दोन तास रांग, नाव सापडत नाही, मागच्या वेळचं केंद्र या वेळी नाही, हे असं का? आणि सरळ मोबाइलवरून मतदान का घेत नाहीत? विचारणाऱ्याने भाड्याचं घर बदललंय, आणि वारलेल्या वडिलांचं नाव अजून यादीत आहे असंही तो सांगतो. इतर बऱ्याच जणांनी "सरकारी कारभार, दुसरं काय" म्हणून विषय संपवलाय. मी निवडणुकीची ड्युटी बरीच वर्षं केली, आधी साधा मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष आणि नोकरीच्या शेवटाला क्षेत्रीय अधिकारी, म्हणजे काही केंद्रांवर देखरेख ठेवणारा, ज्याला सगळे झोनल म्हणतात तो. आता रिटायर आहे म्हणून निवांत लिहितोय, लांबेल.

आधी एक सांगतो, लोक मशीनवर भांडत बसतात पण शहरात खरं दुखणं मशीन नाही, मतदार यादी आहे. गावात केंद्राध्यक्ष बाहेरचा असतो पण समोर बसलेल्या पक्षांच्या एजंटांना अख्खं गाव पाठ असतं. मतदार दारात आला की "हा आमच्या सदूचा धाकटा" म्हणून तिथेच ओळख पटते, आणि कोणी दुसऱ्याच्या नावावर आला तर एजंट लगेच उठून उभा राहतो. मुंबईत एजंटच कधी कधी दुसऱ्या वॉर्डातून आणून बसवलेला असतो, तो कोणाला ओळखणार. म्हणजे ओळख नावाची जी फुकटातली व्यवस्था गावात आपोआप असते ती इथे शून्य, सगळा भार कागदावर. आणि तो कागद शहराच्या मागे चार-पाच वर्षं चाललेला असतो.

का ते बघा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33 लाखांवरून 31 लाखांच्या आत आली आणि उपनगर जिल्ह्याची 86 लाखांवरून 93 लाखांवर गेली. हे जनगणनेचे आकडे, त्यानंतर तर रिडेव्हलपमेंटचा नुसता धडाका आहे. लालबाग परळची चाळ पाडली, भाडेकरू कोणी विरारला, कोणी बदलापूरला, कोणी ट्रान्झिट कॅम्पात, चाळीच्या जागी खड्डा, आणि यादीत मात्र "खोली क्र. 14" तशीच. बीएलओ, म्हणजे घरोघर जाऊन यादी तपासणारा (बहुतेक शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका, स्वतःचं काम सांभाळून हे करणारी), तो बिचारा त्या खड्ड्यापाशी उभा राहून काय तपासणार? बरं, माणूस परत येणारच असतो, घर मिळायचंय त्याला तिथे, मग तो नाव हलवत नाही. टॉवर असेल तर वेगळीच तऱ्हा, वॉचमन वर सोडत नाही, इंटरकॉमवरून बाई सांगतात साहेब ऑफिसला गेलेत नंतर या, आणि बीएलओ काही दहा वेळा येत नाही. झोपडपट्टीत घर क्रमांकाच्या रकान्यात काहीही असतं, एकाच क्रमांकावर चाळीस नावं दिसली की लगेच "बोगस बोगस" म्हणून व्हिडिओ फिरतो. कधी ते खरंच बोगस असतं, पण कधी नुसता घर क्रमांक भरलेला नसतो एवढंच.

नाव वगळणंही सोपं नाही. कोणी मेलं तर घरच्यांनी फॉर्म 7 भरायला हवा, दुसरीकडे राहायला गेला तर त्याने स्वतः फॉर्म 8 भरायला हवा. कोण भरतं? आणि यंत्रणेने स्वतःहून कापायचं तर नोटीस, सुनावणी सगळं आलं, आणि ते असायलाच पाहिजे, नाहीतर उद्या तुमचंच नाव कोणीतरी कापून टाकेल. त्यामुळे नावं वाढत जातात, कमी होत नाहीत. नोव्हेंबर 2025 मध्ये महापालिकेसाठी प्रारूप यादी आली तेव्हा मुंबईच्या 1 कोटी 3 लाख मतदारांमध्ये सुमारे 11 लाख नोंदी दुबार असू शकतील अशा निघाल्या. लगेच "11 लाख बोगस मतदार" अशी ओरड सुरू. तसं नसतं हो. एकाच नावाची आणि आडनावाची माणसं मुंबईत खोऱ्याने सापडतील, ती वेगळी की एकच हे घरी जाऊन, फोटो ताडून बघावं लागतं. ज्यांची खात्री पटली नाही त्यांच्या नावापुढे दोन तारे टाकले आणि केंद्रावर त्यांच्याकडून दुसरीकडे मतदान केलं नाही असं लिहून घ्यायचं ठरलं. उपाय ठीक आहे, पण त्या लिहून घेण्यात मागची रांग थांबते हे कोणी बोलत नाही.

याचाच एक परिणाम म्हणजे टक्केवारी. 2024 च्या विधानसभेला राज्यात 66 टक्क्यांच्या आसपास मतदान आणि कुलाब्यात 45 च्या आत, की सगळे कुलाब्यावर तुटून पडले, श्रीमंत लोक, सुट्टी घेऊन लोणावळ्याला जातात वगैरे. जातात काही, खोटं नाही, म्हणून तर निवडणूक आयोगाने तेव्हा मुद्दाम बुधवार निवडला होता. पण जो माणूस आठ वर्षांपूर्वी ठाण्याला राहायला गेला आणि ज्याचं नाव अजून इथे आहे तो पण "मतदान न केलेला" म्हणूनच मोजला जातो ना. आकडा कमी दिसण्यात आळस किती आणि फुगलेली यादी किती हे वेगळं काढता येत नाही, पण माझं मत विचाराल तर शहरात यादीचा वाटा लोक समजतात त्याहून बराच मोठा आहे.

आता रांग. हिशोब करून बघा. एका केंद्रावर साधारण 1200 नावं धरू (2025 पर्यंत मर्यादा 1500 होती, आता 1200 केलीय), त्यातल्या 60 टक्क्यांनी यायचं म्हटलं तर 720 माणसं, लोकसभा-विधानसभेला सकाळी 7 ते संध्याकाळी 6 असे अकरा तास, म्हणजे मिनिटाला एकापेक्षा जरा जास्तच. आणि माणसं काही सारखी वाटून येत नाहीत, सकाळी पहिले तीन-चार तास आणि मग ऊन उतरल्यावर. आत काय होतं तर पहिला अधिकारी यादीत नाव शोधून मोठ्याने वाचतो म्हणजे एजंटांना ऐकू जावं, दुसरा रजिस्टरला नोंद करून सही घेतो, शाई लावतो, चिठ्ठी देतो, तिसरा चिठ्ठी घेऊन कंट्रोल युनिटवरून तुमच्या एका मतासाठी मशीन सुरू करतो, मग तुम्ही बटण दाबता आणि व्हीव्हीपॅटच्या काचेत मत कोणाला गेलं ते दाखवणारा कागद सात सेकंद दिसतो. मशीनला अर्धं मिनिटही लागत नाही. वेळ खातो तो पहिला अधिकारी. अनुक्रमांक हातात घेऊन आलेला मतदार क्षणात पुढे सरकतो, आणि "बघा ना यादीत, असेल" म्हणणारा दोन-तीन मिनिटं खातो, त्यात असे चार लागोपाठ आले की बाहेर रांग गेटापर्यंत. 20 मे 2024 ला, लोकसभेच्या पाचव्या टप्प्यात, मुंबईच्या सहाही जागांना मतदान होतं तेव्हा उन्हात जे हाल झाले त्यात हे एक कारण होतंच, दुसरं म्हणजे मोबाइल. आत न्यायला बंदी, बाहेर ठेवायला जागा नाही. एकटा आलेला माणूस मोबाइल कोणाकडे देणार, तासभर उभं राहून दारातून परत गेलेले लोक होते. हा साधा विचार आधी कोणाला सुचू नये याचं मला आजही नवल वाटतं. 2025 मध्ये निवडणूक आयोगाने दाराबाहेर मोबाइल जमा करायची सोय करायचं ठरवलं, चांगलं केलं.

जागेचं सांगायचं तर आयोगाची स्वतःची एक खोली नसते, दुसऱ्याच्या घरात एक दिवसाचं लग्न लावण्यासारखं काम आहे. केंद्र तळमजल्यावर हवं, म्हातारी माणसं आणि व्हीलचेअर यायला हव्यात, पण मुंबईतल्या शाळा उभ्या, तळमजल्यावर ऑफिस आणि पाण्याची टाकी. मग मैदानात मंडप टाकायचे, त्यात पंखे, मुताऱ्या, लाइट, सगळं भाड्याने. एका शाळेत दहा-बारा केंद्रं आणि गेट एकच. बाहेरून आलेल्या माणसाला कळतच नाही आपली रांग कुठली, अर्धा तास उभं राहिल्यावर कळतं ही 112 नंबरची, आपली 117. क्षेत्रीय अधिकारी म्हणून माझं सगळ्यात उपयोगी काम कुठलं असेल तर गेटावर जाड अक्षरात कुठल्या सोसायट्या कुठल्या खोलीत याचा बोर्ड लावून घेणं. हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. पक्षांची टेबलं 200 मीटरच्या बाहेर हवीत हा 2025 पर्यंतचा नियम पण मोकळ्या जागेसाठी केलेला वाटायचा, धारावीत एका केंद्रापासून 200 मीटर लांब गेलात की दुसऱ्या केंद्राच्या 200 मीटरमध्ये शिरायचात.

माणसांचा प्रश्न लोकांना दिसत नाही. मुंबईत दहा हजारांवर केंद्रं, प्रत्येकी चार-पाच जण, वर राखीव, झोनल, मतमोजणीचे, धरून साठ हजारांच्या वर माणूस लागतो. शिक्षक, बँकवाले, पालिका, केंद्र सरकारची ऑफिसं, सगळीकडून गोळा करतात. ऑर्डर निघाली की ड्युटीतून नाव कापून घेण्यासाठी जी धावपळ चालते ती बघण्यासारखी असते, अचानक सगळ्यांना ब्लड प्रेशर. (खरंच आजारी असलेल्यांनाही मग त्याच संशयाने बघतात, ते वाईट.) कोणाला कुठे पाठवायचं ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो आणि स्वतःच्या मतदारसंघात देत नाही, हे पक्षपात होऊ नये म्हणून योग्यच, पण त्यामुळे टीममधले चौघं एकमेकांना आदल्या दिवशी साहित्य वाटपाच्या ठिकाणी पहिल्यांदा भेटतात. पहाटे साडेपाचला एजंटांसमोर मॉक पोल, निदान 50 मतं टाकून, मोजून, पुसून दाखवायची, नंतर सील. आता मुंबईचा कर्मचारी राहतो कुठे? कल्याण, नालासोपारा, पनवेल. म्हणून रेल्वे आदल्या रात्री जादा लोकल सोडते, नाहीतर सात वाजता अर्धी केंद्रं उघडणारच नाहीत. संध्याकाळी सहाला दार बंद, पण रांगेत असलेल्यांना चिठ्ठ्या वाटून त्यांचं मतदान होईपर्यंत थांबायचं, मग 17सी, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशोबाचा फॉर्म, भरायचा, एजंटांच्या सह्या, आणि साहित्य जमा करायला परत लाइन. मध्यरात्री सुटलो तर नशीब. शेवटच्या दोन तासांत स्टाफ वसावसा करतो अशी तक्रार असते, करतो, त्याला पहाटेपासून नीट जेवण नसतं. जेवणाचं कंत्राट कोणाचं हे मी लिहीत नाही.

"मागच्या वेळचं केंद्र या वेळी नाही" याचं उत्तर वेगळं आहे. लोकसभा विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग, महापालिका घेतो तो राज्य निवडणूक आयोग, दोन वेगळी ऑफिसं. पण यादी एकच, विधानसभेची. राज्य आयोग ती घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे करतो, मुंबईत 36 विधानसभा मतदारसंघांचे 227 प्रभाग. प्रभागाची हद्द रस्त्याच्या मधून गेली की समोरासमोरच्या दोन बिल्डिंगी वेगवेगळ्या शाळेत, आणि तुकडे करताना चूक झाली तर एकाच घरातला नवरा इथे आणि बायको तिथे. त्यात प्रभाग किती हाच घोळ, 227 चे 236 केले, मग परत 227, ओबीसी आरक्षणाची केस कोर्टात, मार्च 2022 ला मुदत संपलेल्या पालिकेची निवडणूक शेवटी 15 जानेवारी 2026 ला झाली. एवढ्या वर्षांनी घ्यायची म्हटल्यावर अनुभवी माणसं रिटायर झालेली असतात. त्यातही मुंबई सुटली, इथे एका प्रभागात एकच नगरसेवक. पुण्या-ठाण्यात चारचा पॅनेल, चारही मतं दिल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही, लोक दोन बटणं दाबून चालू लागतात आणि त्यांना परत बोलवावं लागतं.

कोणीतरी लिहिलंय की हजारात दोन-चार चुका चालायच्या. नाही चालत. 2017 च्या महापालिका निवडणुकीत गिरगावच्या 220 नंबर वॉर्डात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांची मतं सारखी झाली आणि चिठ्ठी टाकून शहा निवडून आले. 2024 ला उत्तर पश्चिम मुंबईत लोकसभेची जागा रवींद्र वायकरांनी 48 मतांनी जिंकली. 48 म्हणजे एका चाळीतले दोन मजले.

मोबाइलवरून मतदान का नाही, तर मतदान खोक्याच्या आडोशाला एकट्याने करायचं असतं म्हणून. घरात सासरा मागे उभा आहे, किंवा मालक म्हणतो फोन दे इकडे, किंवा गल्लीतला भाऊ दोन हजार रुपये देऊन समोर बटण दाबायला लावतो, हे कुठलं ॲप थांबवणार? शिवाय यादीतला घोळ ॲपमध्येही जसाच्या तसा जाणार. जानेवारी 2026 च्या पालिका निवडणुकीत बोटावरची शाई पुसली जाते म्हणून व्हिडिओ फिरले तेव्हाही मी हेच म्हणत होतो, बोट बघायची वेळ येते कारण यादीवर भरवसा नाही.

तुमच्या केसपुरतं सांगायचं तर भाड्याचं घर बदललंय ना, फॉर्म 8 आत्ताच भरा, निवडणूक जाहीर झाल्यावर नको. पालिकेसाठी ठरलेल्या तारखेची विधानसभा यादी उचलतात, त्यानंतर केलेला बदल त्या निवडणुकीला दिसतच नाही. वडिलांचं नाव अजून आहे म्हणालात, त्यांचा फॉर्म 7 मृत्यूच्या दाखल्यासकट बीएलओला द्या आणि पोच घ्या. प्रारूप प्रभाग यादी लागली की तेवढ्या हरकतीच्या मुदतीत स्वतःचं आणि घरातल्या सगळ्यांचं नाव एकाच प्रभागात आहे का ते बघा, आणि मतदानाला जाताना भाग क्रमांक आणि अनुक्रमांक कागदावर लिहून न्या, मोबाइलवर स्क्रीनशॉट नको.