ऑपरेशन करून बारीक झाले, तर लोक काय म्हणतील?

बॅरिअॅट्रिक सर्जरीचं, म्हणजे वजन उतरवण्यासाठी पोटावर करायच्या ऑपरेशनचं, ठरलं की सर्जन बहुतेकदा पेशंटला एकदा समुपदेशकाकडे धाडतात. पेशंटला वाटतं ही परीक्षाच. नापास झालो तर ऑपरेशन रद्द. वृंदाताई (नाव आणि तपशील बदलले आहेत) तशाच धास्तीत माझ्याकडे आल्या. वय ४३, शाळेत शिक्षिका, उंची पाच फूट दोन इंच, वजन १०८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ४४च्या आसपास. मधुमेह गोळ्यांना दाद देत नव्हता, रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून मशीन लावून झोपायचं. आल्या आल्या त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची हाताने दाबून पाहिली आणि कोचावर जाऊन बसल्या. हातांच्या खुर्चीत त्या बसतच नाहीत, हे नंतर कळलं.

"खरं सांगा मॅडम, ही पळवाटच ना? जाऊबाई म्हणाल्या, तोंड आवरत नाही म्हणून पोट कापून घेतेय."

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असतो, फक्त सगळे तो उघड विचारत नाहीत.

वृंदाताईंना चौथीत वर्गातली मुलं 'ढोली' म्हणायची. लग्नाआधी रात्रीचं जेवण सोडून त्यांनी तेरा किलो उतरवले, पहिल्या बाळंतपणात ते व्याजासकट परत आले. मग लिंबू-मध, नुसती काकडी, दोनच वेळा जेवण, महागडे शेक. दर वेळी आठ-दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे. आणि दर वेळी घरचे म्हणायचे, "हिला चिकाटीच नाही." तीस वर्षं हे करत राहिलेल्या बाईला चिकाटी नाही म्हणायचं, याचं मला खरंच नवल वाटतं.

वजन उतरायला लागलं की शरीर ते दुष्काळासारखं घेतं. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं, तृप्तीची खूण देणारं लेप्टिन घटतं आणि बसल्या जागी होणारा कॅलरींचा खर्चही कमी होतो. अमेरिकेत टीव्हीवरच्या 'द बिगेस्ट लूझर' या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं होतं. तो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, शरीराचा खर्च मात्र अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. स्लीव्ह सर्जरी या बॅरिअॅट्रिक ऑपरेशनच्या एका प्रकारात जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढतात, आणि घ्रेलिन मुख्यतः त्याच भागात तयार होतं. म्हणजे पोट लहान होतं आणि भूकही मंदावते. बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून आटोक्यात न येणारा मधुमेह वा गंभीर स्लीप अॅप्नियासारखे (झोपेत श्वास अडकण्यासारखे) आजार असतील, तर विमा नियामकाच्या नियमांनुसार हे ऑपरेशन विम्याच्या कक्षेत येऊ शकतं. चैनीच्या गोष्टीला विमा मिळत नाही, एवढं जाऊबाईंना सांगायला हरकत नव्हती.

पण माझं काम तिथे संपत नव्हतं. मी विचारलं, "जेवता कुठे बसून?" त्या बराच वेळ गप्प राहिल्या. पंगतीत एक पोळी, थोडी भाजी. कुणी वाढायला आलं की ताटावर आडवा हात. रात्री सगळे झोपले की भांडी आवरताना ओट्यापाशी उभ्यानेच कुकरमधला गार भात, कढईला लागलेली भाजी, वर डब्यातले शेंगदाण्याचे लाडू. दिवा न लावता. "चव कळते का?" म्हटलं, तर म्हणाल्या, "नाही हो. फक्त डोकं गप्प बसतं."

हे असं खाणं जठर लहान केल्याने आपोआप थांबत नाही. थोडं थोडं, तासन् तास खात राहिलं तर लहान पोटातही वजन परत चढतं. काहींची ही सवय दारूकडे वळते, आणि या ऑपरेशननंतर दारू लवकर आणि जास्त चढते. म्हणून मी सर्जनना 'नको' असं लिहिलं नाही, 'दोन महिने द्या' असं लिहिलं. त्या काळात आम्ही एकच गोष्ट धरली: दुसरी पोळी हवी असेल तर ती सगळ्यांसमोर, ताटावर बसून मागून घ्यायची. पहिल्या दिवशी त्यांना रडू आलं. भांडी लेकीने घेतली. नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की बायकोच्या ताटाकडे बघू नका.

ऑपरेशन सुरळीत झालं. त्यानंतरचं मात्र सोपं नव्हतं. सुरुवातीला फक्त पातळ पदार्थ, मग मऊ. जेवताना पाणी नाही, रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर. चौथ्या महिन्यात केसांचे पुंजके हातात यायला लागले. ते सहसा तात्पुरतं असतं, पण घाबरायला होतंच. एकदा चिडून म्हणाल्या, "आधी राग आला की खात होते. आता तो ठेवू कुठे?" आमच्या निम्म्या भेटी या एका प्रश्नावर गेल्या. राग मुख्यतः सासरच्या टोमण्यांचा होता, आणि तो तोंडावर बोलून दाखवायला त्या हळूहळू शिकल्या.

वर्षभरात वजन ७८वर आलं, रात्रीचं मशीन डॉक्टरांनी बंद केलं. कुणी विचारलं तर त्या सरळ सांगतात, ऑपरेशन केलं. दुसऱ्या वर्षी तीन किलो वाढले तेव्हा घाबरून फोन आला. पाहिलं तर शिक्षक खोलीतलं फरसाण. आहारतज्ज्ञांकडे जाऊन आल्या. पुढची भेट दिवाळीनंतर आहे. फराळाचं काय करायचं ते त्याआधी फोनवर ठरवू.